दोर कोण धरणार

आमच्या गावच्या मास्तरला मी आजही शिव्या देते. माणूस जाऊन जमाना झाला. मेलेल्याला शिव्या देऊ नयेत हे मलाही कळतं, तरी देते. गाव फुलसावंगीच्या अलीकडचं, दीडशे उंबऱ्यांचं. तिथे हा मास्तर अमरावतीच्या कॉलेजात शिकून बदलीवर आला. कॉलेजात त्यानं कुण्या इंग्रजाचं एक राजाचं नाटक वाचलेलं, ते काही त्याच्या डोक्यातून जाईना. एका हिवाळ्यात, कापूस घरात आल्यावर, त्यानं ते आपल्या पद्धतीनं मराठीत लिहून काढलं आणि गावातली माणसं गोळा करून तालीम सुरू केली.

नाटक असं, की एक सेनापती असतो. राजानंच त्याला लहानाचा मोठा केलेला. एका सकाळी दारावर भविष्य सांगणारा पिंगळा येतो अन् सांगतो, तू राजा होशील. झालं! त्या दिवसापासून त्याला भाकर गोड लागत नाही. बायको भरीस घालते. राजा घरी मुक्कामाला येतो आणि हा त्याला झोपेत मारतो. मग मिळालेली गादी टिकवायची म्हणून एकाला मार, दुसऱ्याला मार, असं करत जातो अन् शेवटी कोणावरच त्याचा भरवसा उरत नाही. सेनापतीचं काम आमच्या मालकांना मिळालं. उंचेपुरे होते. आवाज असा, की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचे बैल थांबायचे.

घरात आम्ही तिघंच. मी, मालक आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. सासू-सासरे पटकीत एका आठवड्यात गेले, तेव्हा मालक रांगत होते म्हणे. भासऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन वाढवलं. भासऱ्यांची बायको पहिल्या बाळंतपणातच गेली, बाळही गेलं. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून पुष्कळ मागे लागून पाहिलं. ते म्हणायचे, "माह्या घरात लेकरू हाये नं. हा काय दिसत नाही तुमाले?" गावात पंचायत आली तेव्हा लोकांनीच त्यांना धरून सरपंच केलं. मालकांचं लग्नही त्यांनीच केलं. मला वणीहून करून आणली ती भासऱ्यांनीच, मी सातवी शिकलेली आहे म्हणून. घरात एक तरी वाचणारं माणूस पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं. पदर कपाळाच्या खाली ओढायचा, ते ओसरीवर आले की आपण आत व्हायचं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ताट वाढून झालं की दाराची कडी वाजवायची. बाकी काही सांगायचं असलं तर अंगणात गाय बांधलेली असायची, तिला सांगायचं. "गाये, घरातलं तेल सरलं वं," असं मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची. ओसरीवरून भासरे म्हणायचे, "गाये, उद्या बाजार हाये, आणतो म्हणा." बिचारी गाय! आमच्या घरातलं सगळं तिला ठाऊक होतं.

नाटकात सेनापतीच्या बायकोचं काम गावचा न्हावी करणार होता, मिशा काढून. पण त्याला रोज कुठली फुरसत? मग मालक संध्याकाळी वही घेऊन चुलीपाशी बसायचे आणि मला म्हणायचे, "तू वाच बायकोचं." मी भाकरी थापता थापता वाचायची. सुरुवातीला मला हसू यायचं. "मुकुट उशाशी आहे, हात पुढे कर. वाढवणारा म्हातारा झाला, की वाढलेल्यानं उठायचं असतं." असली वाक्यं. मी म्हटलं, "मास्तरले बायको नाही म्हून असं लिवते तो. बायका काय अशा असतात?" मालक हसले नाहीत. म्हणाले, "मधात बोलू नको. पुढचं वाच."

शिवरात्रीला शाळेच्या पटांगणात नाटक झालं. चार गावची माणसं बैलगाड्या जुंपून आली होती. भासरे सगळ्यांत पुढे बाजेवर बसलेले. स्टेजवर राजाचा खून झाला, तेव्हा बायाबापड्या रडायला लागल्या आणि आमचे भासरे टाळ्या वाजवत शेजारच्याला सांगत होते, "माहा भाऊ हाये तो! लहानपणी अंधारात जाले भीत होता, पाहा आता." मी बायकांच्या घोळक्यात बसून ऐकत होते. मला तेव्हा फार बरं वाटलं.

नाटक संपलं आणि मालकांना नाव पडलं. राजे! रस्त्यानं निघाले की पानठेल्यावरची टोळी उठून उभी राहायची. "या राजे, बसा राजे." गावाला काय, कोणाला तरी हरभऱ्याच्या झाडावर चढवायला मिळालं की झालं. आधी मालक लाजायचे, मग मान हलवायला लागले. मग कोणी नुसतंच "या नं भाऊ" म्हटलं, तर त्यांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं आहे. अशातच कोणीतरी म्हणालं, "राजे, खरी गादी कधी घेता? जेठाच्या महिन्यात पंचायतीचं इलेक्शन हाये." तो कोण म्हणाला ते मला आजही माहीत नाही. गंमत म्हणूनच म्हणाला असेल मेला.

मालकांनी नवे कपडे शिवून आणले, इस्त्री करून घालायला लागले. एसटीनं यवतमाळला जायला लागले, कोण्या पुढाऱ्याच्या बंगल्यावर तासन्‌तास बसून यायचे. घरी आले की ओसरीकडे पाहून हळू आवाजात म्हणायचे, "दादानं आता किती दिस करावं? माणसानं समजून घ्यावं नं." मी म्हटलं, "मग तुमीच बोला त्याईले. ते काय नाही म्हणतीन? आपल्या हातानं फेटा बांधतीन तुमाले." ते माझ्याकडे असं पाहायला लागले, की मी तवा उतरवायच्या निमित्तानं पाठ फिरवली. त्यांना गादी मागून नको होती. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

त्याआधी दोन सालांखाली भासऱ्यांनी पंचायतीतून बौद्ध वस्तीत विहीर बांधून दिली होती. त्या लोकांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून गावातले काही जण त्यांच्यावर डूक धरून होते, पाणी भरू देत नव्हते. भासऱ्यांनी कोणाचं ऐकलं नाही. त्या विहिरीचे दगड आमच्याच गाडीतून गेले आणि ती गाडी मालकांनी स्वतः हाकली होती. पहिल्या बादलीचं पाणी त्यांनी तिथेच उभं राहून प्यालेलं. आणि आता तेच मालक पानठेल्यावर बसून सांगत होते, की दादानं गावाचं सिमेट त्याईच्या वस्तीत घातलं, दादाले आपली माणसं दिसतच नाहीत. मला हे शेजारणीनं सांगितलं. मी तिला खोटी पाडली, भांडले तिच्याशी. रात्री मालकांना विचारलं तर म्हणाले, "इलेक्शनात असं बोला लागते. तुले काय समजते?"

भासऱ्यांच्या कानावर हे गेलं नसेल असं होणार नाही. पण ते तसेच जेवायचे, तसेच "लहान्या, अंगावर घे, थंडी हाये" म्हणायचे. मला त्यांचाच राग यायचा. माणसानं इतकं भोळं असू नये.

मग मालकांचं स्वतःशीच बोलणं सुरू झालं. नाटक होऊन महिना झाला होता, वही मास्तरकडे परत गेली होती. एका सकाळी मी शेण काढायला गोठ्यात गेले. मालक बैलांना कडबा टाकत होते आणि तोंडानं पुटपुटत होते. मी ऐकलं. "मुकुट उशाशी आहे, हात पुढे कर." हे त्यांचं वाक्य नव्हतं. ते बायकोचं, मी वाचलेलं, माझ्याच चालीवर म्हटलेलं. माझ्या हातातली टोपली खाली पडली. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "काहून भेतं? नाटकातलं हाये." त्या दिवसापासून मला घरातल्या घरात भीती वाटायला लागली. ते विळा घासायला बसले तरी मी हातातलं काम टाकून पाहत राहायची, अन् भासऱ्यांचं ताट मी डोळ्यांआड होऊ द्यायची नाही.

चैत्रात आमच्या शेतातली विहीर उपसायची असायची. पाणी गुडघ्याएवढं राहिलं की गाळ काढायचा. आमच्या घरची रीत अशी, की आधी घरातल्या कर्त्यानं कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, तळाशी हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा, मग मजुरांनी उतरायचं. आणि त्या कर्त्याचा दोर घरच्याच माणसानं धरायचा, मजुराच्या हाती द्यायचा नाही. सासरे उतरायचे तेव्हा दोर भासरे धरायचे. आता भासरे उतरायचे आणि दोर मालक धरायचे. विहीर जुनी, खोल, पायऱ्या नाहीत. दगडांत नुसत्या खाचा, त्याही शेवाळलेल्या. पाय सुटला तर वरच्या माणसाचा हात, बस.

उपसा ठरला, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मालकांनी अंबाडीचा दोर काढला आणि ओसरीवर बसले. मला वाटलं, कुठे उकललं असेल ते वळतील. वळत नव्हते. नुसता दोर या हातातून त्या हातात घेत होते, पुन्हा इकडून तिकडे. मी पाणी नेऊन दिलं. ते म्हणाले, "पैनगंगेकडच्या एका गावात मागच्या साली गाळ काढता काढता एक जण गेला. ऐकलं तू?"

मी म्हटलं, "नाही."

"इहीर हाये. ते कोणालेही गिळते. कोणाले काय म्हणता येते त्यात?"

एवढंच बोलले. पाणी प्यायले, भांडं मला परत दिलं.  आता काय उरलं होतं समजायचं? पण समजून करणार काय? शेजारणीला सांगावं तर घटकाभरात गावभर होईल, अन् माझाच समज खोटा निघाला तर? नवऱ्याला खुनी म्हणणारी बाई म्हणून कुठं तोंड दाखवू? माहेर तिकडं वणीला. आणि ज्यांना सांगायचं, त्यांच्याशी बोलायचीच मनाई. त्यांना काय म्हणून हाक मारायची, हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी भासरे ओसरीवर तंबाखू मळत होते. मी गाईपाशी गेले. तिच्या मानेवर हात ठेवला. मोठ्यानं म्हटलं, "गाये, यंदा घरच्या माणसानं इहिरीत उतरू नये वं. मजूर उतरतीन. माह्या मनात लय वाईट येऊन राह्यलं."

भासरे हसले. "गाये," ते म्हणाले, "भिऊ नको म्हणा. दरसाली उतरतो. अन् माहा दोर कोणाच्या हातात हाये? माह्या भावाच्या."

मी आणखी काय सांगणार होते गाईला? मी तिच्या मानेत तोंड खुपसून रडले. ते त्यांना दिसलं असेल तर तंबाखूच्या नादात त्यांनी ते सोडून दिलं.

सकाळी माणसं शेतात गेली. मी भाकरी, झुणका, मिरच्यांचा ठेचा टोपलीत घेऊन उन्हाचं तडक निघाले. नेहमी जेवणाच्या वेळेला जायची. त्या दिवशी काही वाट पाहवेना. पोचले तर विहिरीच्या काठावर तीन मजूर, बाजूला बाभळीखाली टोपल्या-फावडी, आणि भासरे धोतराचा काचा मारून उभे. कमरेला दोर बांधून झाला होता. हातात नारळ. दुसऱ्या टोकाला मालक. त्यांनी दोर तळहाताला गुंडाळला नव्हता. दरसाली दोन वेढे घ्यायचे, पाय दगडाला रोवून उभे राहायचे. आज नुसताच धरला होता, अन् नजर विहिरीतही नव्हती, भावाकडेही नव्हती. भासऱ्यांनी देवाचं नाव घेतलं आणि एक पाय पहिल्या खाचेत टाकला.

"दादा!" मी ओरडले. मालक त्यांना तसंच म्हणायचे, तेच तोंडात आलं. "दादा, उतरू नका! कमरेचा दोर सोडा!"

पदर डोक्यावरून कधीच खाली आला होता. टोपली कुठं टाकली, मला आठवत नाही. मजूर तोंडं उघडी टाकून माझ्याकडे पाहत राहिले.  मी लग्न होऊन आले तेव्हापासून भासऱ्यांनी पहिल्यांदाच माझं तोंड पाहिलं. मग त्यांनी हळूच मान वळवून धाकट्या भावाकडं पाहिलं. त्याच्या हाताकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

मालक म्हणाले, "येडी झाली ते, दादा. नाटकापासून असंच करून राह्यली." 

भासऱ्यांनी पाय वर घेतला. कमरेचा दोर सोडला, भावासमोर गेले आणि ते टोक त्याच्या पुढे धरलं.

"बरं लहान्या," ते म्हणाले, "यंदा तू उतर. दोर मी धरतो."

सोपी गोष्ट होती. उतरायचं, कुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, वर यायचं. ते उतरले असते तर मी तिथेच मातीत नाक घासलं असतं, जन्मभर तोंड वर केलं नसतं. मी देवाला तेच मागत होते, की उतरू दे याला, मी खोटी ठरू दे. मालकांनी दोर हातात घेतला. विहिरीत पाहिलं. मग भावाच्या हातांकडं पाहिलं, ज्या हातांनी त्यांना वाढवलं होतं त्या हातांकडं.  दोर त्यांनी खाली ठेवला.

"माही कंबर धरली हाये," ते म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी उन्हात पाहिलं. मजुरांना कळलं, मला कळलं, आणि भासऱ्यांना तर सगळ्यांत आधी कळलं. त्यांनी दोर उचलला, बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे देऊन गाठ मारली, ओढून पाहिली. मग दुसरं टोक कमरेला बांधून एकटेच खाली उतरले. दोर कुठे तुटला नाही, उसवला नाही. दोर चांगलाच होता. खालून नारळ फुटल्याचा आवाज आला, तेव्हा मालक घराच्या वाटेला लागलेले होते.

संध्याकाळी भासरे अंगणात आले. मी दारात उभी होते, पदर नीट घेऊन. आता बोलायला हरकत नव्हती, एकदा बोललेच होते. पण ते गाईपाशी गेले. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गाये, सांग घरात. मी यंदा इलेक्शनले उभा नाही राहत. त्याले पाह्यजे तं घेऊ दे. अन् तुले मी वावरात घेऊन जातो, तिथंच राहू दोघं." त्यांनी दावं सोडलं आणि गाय घेऊन निघाले. मी ओट्यापर्यंत मागे गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मालक आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले होते.

जेठात मालक सरपंच झाले. समोर कोणी उभं राहिलंच नाही. डफडं वाजलं, गुलाल उडाला, पानठेल्यावरची टोळी "राजे, राजे" करत दारापर्यंत आली. माणसं गेल्यावर मी ताट वाढलं. मालकांनी ते उचललं नाही. माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "आधी एक घास तू खाय."

मला वाटलं, लाडानं म्हणतात. मी घास घेतला. ते माझ्या घशाकडं पाहत होते. घास उतरला, थोडा वेळ गेला, मग जेवायला बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. नंतर ती रीतच पडली. विहिरीवर जाणं सोडलं, गाळ काढायचा दिवस आला की यवतमाळला निघून जायचे. कोणी पान दिलं तर खिशात ठेवायचे, बाहेर जाऊन फेकायचे.

सरपंच झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वावरातून गडी आला, तांब्यात दूध घेऊन. भासऱ्यांनी धाडलं होतं. भाऊ सरपंच झाला, खीर करा, असा निरोप. आमच्याच गाईचं दूध. मी तांब्या घेऊन चुलीकडं वळले, तर मालक दारात आले.

"ठेव ते," म्हणाले. "आधी तू पी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. मी तांब्या तोंडाला लावला. एक घोट नाही, सगळं दूध प्याले, उभ्यानं, त्यांच्यावरची नजर न काढता. थेंब ठेवला नाही. तांब्या पालथा करून चुलीपाशी ठेवला आणि तोंड पुसलं. माझा नवरा दाराची चौकट धरून उभा होता, मी पडते का ते पाहत.